आतोबांच्या न चालणाऱ्या मोटारी

जी वस्तू जगात दुसऱ्या कुणालाच नको असते तीच खरी विकत घेण्याजोगी, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना आतोबा म्हणायचो. कोरेगावच्या पुढं नदीकाठी त्यांची वडिलोपार्जित उसाची जमीन होती, गोठ्यात दूधदुभतं होतं, गावात मान होता. अशा माणसानं खाऊनपिऊन सुखी राहावं, फार तर तालमीला खुराक पुरवावा. पण दुसरं महायुद्ध संपलं, लष्करानं आपला जुना पसारा विकायला काढला, आणि आतोबांना लिलावाचा नाद लागला. कुणाला तमाशाचा लागतो, कुणाला बैलांच्या शर्यतीचा लागतो, आतोबांना मोडक्या मोटारींचा लागला.

सांगली, मिरज, फलटण, कुठंही लिलाव असो, आतोबांना त्याचा सुगावा लागायचाच. तो कसा लागायचा हे आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी न्याहारीला भाकरी मोडता मोडता ते एकदम थांबायचे, आणि "आज जरा भायेर जाऊन येतो" म्हणायचे. त्या 'जरा'तून ते चार-पाच दिवसांनी परतायचे आणि त्यांच्यामागं एक ट्रक असायचा. अंगात लष्करी खाकी कोट, खाली धोतर, डोक्याला पटका अशा थाटात ते लिलावाच्या मैदानात शिरले की थेट गाडीजवळ जायचे नाहीत. बाजारात बैल पारखावा तशी आधी लांबून एक फेरी मारायचे. मग जवळ येऊन वशिंड चाचपावं तसा टपावरून हात फिरवायचे, खाली वाकून पोटाकडं बघायचे, आणि शेवटी तिथल्या चौकीदाराला विचारायचे, "हिला चालवणारा कोण हुता? निर्दय हुता का बरा हुता?" गाडीचं इंजिन चालतं का, हे त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि गंमत अशी की आतोबांना मोटार चालवता येत नव्हती. शिकण्याची इच्छाही नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मोटार चालवणाऱ्याला रस्त्याकडं बघावं लागतं, मास्तर. मला मोटारीकडं बघायचं असतंय." मी साताऱ्याच्या शाळेत शिकवत असे, म्हणून भाचा असूनही मी त्यांचा मास्तरच. ते लिलावाला जायचे ते स्वतःची बैलजोडी घेऊन, आणि घेतलेली गाडी त्याच बैलांना जुंपून घरी आणायचे. पुढं बैल, त्यांना हाकणारा गडी, मागं दोरखंडानं बांधलेला ट्रक, आणि ट्रकात सुकाणूचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून, छाती काढून बसलेले आतोबा, ही मिरवणूक कोरेगावच्या बाजारपेठेतून जायला लागली की दुकानदार मापं खाली ठेवून बाहेर यायचे. त्या बैलांना तर पुढं पुढं अशी सवय झाली होती की रस्त्यात कुठंही मोटार उभी दिसली की ते आपणहून तिच्यापुढं जाऊन उभे राहायचे.

लिलावात बोली लावायची आतोबांची पद्धत वेगळी नव्हती, त्यांना पद्धतच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या पलटणीत होते. साहेबानं नजर टाकली की उठून उभं राहायचं, हे तेव्हापासून त्यांच्या हाडात शिरलेलं. मिरजेच्या लिलावात बोली पुकारणारा एक लष्करी अंमलदार होता. तो बोलता बोलता आतोबांकडं बघायचा आणि आतोबा ताडकन उभे राहायचे. तो ती बोली समजायचा. पुन्हा बघायचा, आतोबा पुन्हा उभे. अशा रीतीनं त्यांनी मागची चाकं नसलेली एक रुग्णगाडी स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत विकत घेतली. आत्यानं जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सायबानं बघितल्यावर बसून ऱ्हायाचं व्हय?"

आत्या मोठी समजूतदार बाई. गावच्या बायका चेष्टा करायच्या तेव्हा ती म्हणायची, "आवं, दुसऱ्यांना सवत एकच आसती. माझ्या दारात सवतींची रांग लागलीया." पण त्या रांगेचाही तिनं संसारात उपयोग करून घेतला होता. रुग्णगाडीत कांदा साठवलेला असायचा, एका ट्रकाच्या टपावर कुरडया वाळायच्या, आणि ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी खुडूक बसलेली असायची. आतोबा त्या कोंबडीला कधी उठवत नसत. "ती तरी बसती की आत," म्हणायचे.

हे सगळं कौतुकानं चाललं होतं ते आतोबांचा धाकटा भाऊ घरी येईपर्यंत. तो लढाईवरून हवालदार होऊन परतला होता आणि गावानं त्याचं नावच हवालदार करून टाकलं होतं. सरळ माणूस. त्याला शेती करायची होती, आणि शेतात उभे असलेले ट्रक पाहून त्याचं डोकं फिरायचं. घरचे बैल मोटारी ओढून ओढून थकले होते. रान नीट नांगरलं जात नव्हतं, ऊस दरसाल अंगानं बारीक होत चालला होता. शेवटी एक दिवस तो मला आणि आत्याला समोर बसवून आतोबांना म्हणाला, "दादा, ह्या खेपेला लिलावातनं चालता ट्रॅक्टर आणा. न्हाईतर वाटणी करा. माझं दुसरं काय म्हणणं न्हाई."

आतोबांनी मान हलवली. त्याच सुमारास संस्थानं विलीन होत होती. वडुजाच्या पलीकडं, माणदेशाच्या अंगाला, एका लहानशा जहागिरीचा सरंजाम विकायला निघाल्याचं कळलं. त्यात एक ट्रॅक्टर होता आणि तो खरोखर चालत होता. आत्यानं मला सुट्टी काढायला लावली. "मास्तर, तू संगं जा. ट्रॅक्टरबिगर दुसरीकडं बघू दिऊ नको त्यांना," एवढंच तिनं बजावलं.

जहागिरीच्या चौसोपी पागेत लिलाव होता. आम्ही गेलो तेव्हा ट्रॅक्टर अंगणात धडधडत होता आणि त्याच्याभोवती फलटणकडचे बागायतदार जमले होते. आतोबांनी तो पाहिला. "बरा हाय," म्हणाले. मी निःश्वास टाकला. मग त्यांची नजर पागेच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक जुनाट, लांबलचक, उघडी मोटार उभी होती. कधीकाळी तिचा रंग मोरपंखी असावा. पुढचे दिवे पितळेचे, गाद्या चामड्याच्या पण उंदरांनी कुरतडलेल्या, आणि चारही चाकांतली हवा कधीच गेलेली. आतोबा तिच्याकडं चालू लागले. मी त्यांच्या कोटाची बाही धरली, ती माझ्या हातातून हळूच निसटली.

मोटारीजवळ मिरजेचे एक लोखंडवाले उभे होते. मोडकी यंत्रं घेऊन फोडायची आणि लोखंड वेगळं, पितळ वेगळं करून विकायचं हा त्यांचा धंदा. दर लिलावात ते आणि आतोबा समोरासमोर यायचे, एकमेकांवर चढ करायचे आणि नंतर एकाच झाडाखाली बसून भाकरी खायचे. "पाटील, तुमी ट्रॅक्टरला आलाय म्हणं," ते म्हणाले.

"व्हय. ही कुणी घेतली?"

"आजून न्हाई. पर मीच घेणार. पितळ लय हाय तिच्यात."

"म्हंजे फोडणार."

"मग काय पूजा करू?"

पुकारा झाला तेव्हा मोटारीचा नंबर ट्रॅक्टरच्या आधी लागला. लोखंडवाल्यांनी बोली लावली. आतोबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. ह्या खेपेला पुकारणाऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलंही नव्हतं, तरी ते सावकाश गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. मी खाली ओढलं, ते बसले नाहीत. मोटार आतोबांच्या नावावर पडली, आणि जवळचे पैसे एका गाडीपुरतेच होते. थोड्या वेळानं ट्रॅक्टर फलटणच्या बागायतदारानं नेला आणि आमचे बैल आपणहून मोरपंखी मोटारीपुढं जाऊन उभे राहिले.

परतीच्या वाटेवर मी मोटारीत आतोबांच्या शेजारी बसलो होतो. दोन्हीकडं माळ, मेंढरांचे कळप, वर ऊन. मी रागानंच विचारलं, "आतोबा, का घेतलीत ही?"

त्यांनी चाकावरचे हात सोडले नाहीत. म्हणाले, "बसऱ्याला पयली लढाई संपली, पलटण माघारी निघाली. खेचरं हिकडं आणायची नव्हती. लिलाव लावला त्यांचा. आरब आले, चांगली चांगली घिऊन गेले. माझी एक हुती, म्हातारी, एका डोळ्यानं आंधळी. तिला कुणी घेतली न्हाई."

"मग?"

"मग काय. बोट सुटली."



वाटणी झाली. भांडण झालं नाही, हे त्यातल्या त्यात वाईट. पंच बसले आणि आतोबांनी नदीकाठचं काळं रान न मागता हवालदाराला देऊन टाकलं. स्वतःकडं वरचं रस्त्यालगतचं मुरमाड ठेवलं, कारण गाड्या तिथं उभ्या होत्या. "गाड्यांतली एकबी मला नको," हवालदार म्हणाला, आणि आतोबांना तेवढंच बरं वाटलं. मध्ये बांध पडला. सख्खे भाऊ, पण बांधावर समोरासमोर आले की एक उसाकडं बघायचा, दुसरा आभाळाकडं. आत्यानं मात्र जावेकडं ताक पाठवणं थांबवलं नाही.

हवालदारानं पलटणीतून मिळालेला फंड घालून सांगलीहून एक जुना ट्रॅक्टर आणला आणि वाटणीत आलेले घरचे बैल विकले. पुढच्या थंडीत उसाच्या लागणीसाठी त्यानं फलटणकडून चांगलं बेणं आणवलं. कांड्यांचा ढीग रानाच्या कडेला येऊन पडला, आणि नांगरट अर्ध्यावर असताना ट्रॅक्टर बंद पडला. कोरेगावचा मिस्त्री आला. हँडल मारून मारून हवालदाराचे खांदे उतरले. मिस्त्रीनं सांगितलं की इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो जळालाय, नवा मुंबईहून मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. बेणं उन्हात वाळायला लागलं. हवालदारानं त्याच्यावर उसाचं पाचट टाकलं, पाणी मारलं. भाडोत्री बैल मिळेनात, कारण सगळ्यांचीच लागण चालू होती. मी तेव्हा सुट्टीला आलो होतो. वरच्या रानातून त्याची धावपळ दिसत होती. पण त्यानं भावाला हाक मारली नाही.

तिसऱ्या प्रहरी आतोबांनीच मिस्त्रीला वर बोलावलं. मोरपंखी मोटारीजवळ नेऊन विचारलं, "तसला डबा हिच्यात हाय का?"

मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं. "हाय की. जरा ठाकठीक करून बसंल. पर काढला तर ही..."

"काढा."

बॉनेटला टेकण नव्हतं. मी धरतो म्हटलं, पण आतोबांनी ऐकलं नाही. मिस्त्री आत पाना फिरवत होता तोवर ते दोन्ही हातांनी बॉनेट वर धरून उभे होते. ज्या माणसानं आजवर कुठल्याही गाडीचा खिळासुद्धा निघू दिला नव्हता, तो मान दुसरीकडं वळवून फक्त "हळू" म्हणत होता. मॅग्नेटो निघाला तसा त्यांनी तो आपल्या उपरण्यात गुंडाळला आणि बांध ओलांडला. मी आणि मिस्त्री मागोमाग गेलो.

हवालदार ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला होता. भाऊ आलेला पाहून उठला. उपरण्यातली वस्तू त्यानं ओळखली. म्हणाला, "दादा, ती मोटार आता कवाच चालायची न्हाई."

"तशीबी मला कुठं चालवाया येती," आतोबा म्हणाले.

मिस्त्रीनं अंधार पडायच्या आत ट्रॅक्टर चालू केला. दोन दिवसांत लागण उरकली.

ही गोष्ट गावभर झाली आणि मग आतोबांच्या दारी वेगळीच रीघ लागली. कुणाच्या ट्रकाचा दिवा फुटलेला, कुणाच्या इंजिनाचा पट्टा तुटलेला. युद्धानंतरच्या त्या टंचाईच्या काळात सुटे भाग कुठंच मिळत नसत, आणि आतोबा नाही म्हणत नसत. अट एकच, हा भाग कुठल्या गाडीत बसणार ते सांगायचं. त्यानंतर ते बाजाराला निघाले की रस्त्यानं जाणारे अर्धेअधिक ट्रक त्यांना जवळचे वाटायचे. हात करून थांबवायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, "आमचं धुरांडं तरास न्हाई ना देत?" एकदा मिरजेचे लोखंडवाले मुद्दाम भेटायला आले. सगळ्या गाड्यांभोवती फिरून म्हणाले, "पाटील, ह्याच्यात आता मला फोडायला कायच ठिवलं न्हाई तुमी." दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. जाताना पाहुण्यांनी एका रिकाम्या ट्रकाच्या अंगावर हात फिरवलेला मी पाहिला.

मी शेवटचा गेलो तेव्हा उसाला तुरे आले होते. रानात गाड्यांचे नुसते सांगाडे उरले होते, आणि मोरपंखी मोटारीत गाद्या आणि सुकाणूचं चाक सोडलं तर फारसं काही नव्हतं. तिच्या पुढच्या सीटवर दोघे भाऊ बसले होते, हवालदार चाकामागं, आतोबा त्याच्या शेजारी. वाटणी मोडली नव्हती, ती कधीच मोडली नाही. बांध होता तिथंच होता. पण दुपारचा चहा दोघं इथं बसून घ्यायचे, असं आत्यानं मला सांगितलं. आतोबा खूप वाळले होते. नजर अधू झाली होती, रस्त्यावरच्या गाड्या आता त्यांना ओळखू येत नव्हत्या. एखादी गेली की हवालदार सांगायचा, "दादा, वडुजाचा ट्रक गेला. रिकामा हाय." आतोबा मान हलवायचे.

मला पाहून हवालदारानं मागचं दार उघडलं. मी आत बसलो. आम्ही तिघंही समोरच्या काचेतून बघत होतो, काच नव्हती, नुसती चौकट होती. वाऱ्यानं उसाचे तुरे हलत होते. मग आतोबांनी मान न वळवता घराच्या दिशेनं आवाज दिला,

"आगं, आनखी एक कप आण. मास्तर बसल्यात मागं."