एकच हेल्मेट

पहिल्या दिवशी मी माझी डोळ्यांची फाईल घेऊन गेलो. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदूचा रिपोर्ट, सगळं तारखेप्रमाणे लावून. डोळ्यांच्या हालचालींनी मनावरचा आघात कमी करतात, एवढंच फोनवर कळलं होतं. म्हटलं, डोळे तर तपासतीलच. समुपदेशक बाईंनी फाईल बघितली, हसल्या नाहीत. "ही लागणार नाही, काका. बोटामागे डोळे फिरवायचं काम पुढे. सुरुवात कोणत्या आठवणीपासून करायची, आज तेवढंच ठरवू."

बायको बाहेर बाकावर बसली होती.

अपघात मला छान सांगता येतो. दोन वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात सांगतोय. नरखेडहून नागपूरला निघालो, मोटरसायकल माझ्या हातात, मागे धाकटा भाऊ. बायको मागून एसटीनं येणार होती. काटोलच्या अलीकडे संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. मी पडलो तो संत्र्यांच्या ढिगात, अंगाला आठवडाभर वास! इथं लोक हसतात. मग मी म्हणतो, भाऊ गेला. बाईंनाही तसंच सांगितलं, संत्र्यांसकट.

"किती त्रास होतो? शून्य ते दहा."

"असेल चारेक." आमच्या घरी दुखणं विचारलं की कमीच सांगतात.

"डोळ्यांपुढे कोणतं चित्र येतं?"

ट्रॅक्टर म्हणणार होतो, तोंडून हेल्मेट निघालं. एकच होतं, भावाचं. नाक्यावर पोलीस चालवणाऱ्यालाच अडवतात, म्हणून ते माझ्या डोक्यावर. पडल्यावर मी उठून बसलो, हनुवटीखालचा पट्टा सुटेना. समोर तो, उघड्या डोक्यानं. पट्टा ओढत मी नुसता बघत होतो.

हे मी कुठल्याच लग्नात सांगितलं नव्हतं.

बाईंनी चार खोडलं. "आता किती लिहू?" मी दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. कागदावर पहिल्या ओळीत हेल्मेट आलं. त्याखाली, स्वतःबद्दल मी काय मानतो ते: 'त्याचं मी घेतलं.'

बाहेर येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं फाईल माझ्याकडून घेतली, पोटाशी धरली.

ऑटोत बसल्यावर म्हणाली, "भाऊजीच्या हातातून घेऊन तुमाले मीनंच देलं होतं जी ते. पुढच्या खेपेले मलेही आत न्या."