शेवयांचा भोपळा आणि पहिली चीर

फेब्रुवारीपासून पाडव्यापर्यंत मी दर रविवारी बुलढाण्याहून डोणगावला जात होतो. मेहकरला बस बदलायची, दुपारच्या जेवणाआधी घरी पोचायचं आणि भोपळे कापायचे. दुसरं काही काम नसायचं.

भोपळे थोरल्या भावाने लावले होते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याने बी मागवलं. पुडीवरच्या चित्रात मधोमध कापलेलं पिवळं फळ होतं आणि एक काटाचमचा त्यातून लांब दोरे ओढून काढत होता. पुडीवरचं इंग्रजी नाव घरात कोणी घेतलं नाही. भाऊ त्याला शेवयांचा भोपळा म्हणायचा, तेच नाव राहिलं. शहरातल्या हॉटेलांत हा माल जातो, असं तो सांगायचा. कोणत्या हॉटेलांत, ते त्याने वहिनीला सांगितलं नव्हतं. त्याचं ठरलं होतं की नुसता अंदाज होता, हे आता कळायला मार्ग नाही. डिसेंबरात तो वावरातच, म्हणजे शेतातच, वारला. ठिबकच्या नळ्या तपासत होता, छातीत कळ आली. वेल तेव्हा फुलावर होते. मी जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक आहे. त्याच्या निधनाची बातमी मीच चार ओळींत बसवली.

वेलांना पाणी देणं वहिनीने चालू ठेवलं. फळं तयार झाल्यावर तिने एक फेरी मेहकरच्या बाजारात नेली. व्यापाऱ्याने एक फळ हातात घेतलं, बोटाने वाजवलं आणि परत ठेवलं. ही काकडी आहे की भोपळा, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढच्या माणसाकडे वळला. माल परत आला. मधल्या खोलीत पोती पसरून त्यावर भोपळे मांडले. साल टणक असल्यामुळे अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो. कापला की दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो.

अडचण कापण्याची होती. आमच्याकडे कोहळा किंवा भोपळा अख्खा असेल तर बाई त्याला पहिला सुरा लावत नाही. घरातल्या पुरुषाने एक चीर द्यायची, पुढचं बाईने चिरायचं. कारण विचारलं तर प्रत्येक घरात वेगळं सांगतात. आई सांगायची की अख्खा कोहळा हा घरातला थोरला मुलगा धरतात. ती हे पूर्वी सहज सांगायची. या वर्षी तिने कारण सांगितलं नाही, फक्त पद्धत पाळली.

घरात आता आई, वहिनी आणि सहावीतली पुतणी. पुढच्या गल्लीत चुलतभाऊ राहतो, तो माझ्याहून मोठा आहे. सुरुवातीला साधा कोहळा कापायला वहिनी त्याला बोलवायची. तो यायचा, चीर द्यायचा आणि मग बाजेवर बसून वावराचा विषय काढायचा. वावर आईच्या नावावर आहे. ते त्याला बटईने हवं होतं, म्हणजे कसणार तो आणि पीक निम्मं निम्मं. बटईचे सौदे पाडव्याला ठरतात. त्याच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. बाईमाणसाच्या हाताने वावर होत नाही, मजूर ऐकत नाहीत, व्यापारी फसवतात, असं त्याचं म्हणणं होतं. आई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

वहिनीला वावर स्वतः करायचं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, मोरीपाशी हात धुताना.

“भाऊजी, वावर गेलं तं मी या घरात स्वयंपाकापुरतीच राह्यली.”

तिने उत्तर मागितलं नव्हतं. त्यानंतर तिने चुलतभावाला बोलवणं बंद केलं आणि कापायचे भोपळे रविवारसाठी राखून ठेवू लागली. मी पोचायच्या आत ओट्यावर सुरा आणि चार-पाच भोपळे मांडलेले असायचे. एकदा गल्लीच्या तोंडाशी चुलतभाऊ भेटला.

“काऊन बे, भोपळे फोडाले आला का? पेपरवाल्याइले बरी ड्युटी लागली.”

मी हो म्हणालो आणि घरात गेलो.

पहिल्या रविवारी वहिनीने नेहमीच्या भोपळ्यासारखी भाजी केली. सालीसकट फोडी, मेथीदाण्याची फोडणी, तिखट, थोडा गूळ. फोडी शिजल्या आणि सुटल्या. साल एकीकडे, दोरे एकीकडे, रस्सा वेगळा. आईने एक घास घेऊन ताट सरकवलं. “सुतळी शिजवली का बाई?” ती म्हणाली. पुतणी हसली. डिसेंबरनंतर त्या घरात कोणी हसल्याचं मला आठवतं ते तेव्हाच. वहिनीने ताटं उचलली आणि पातेलं गोठ्यात नेऊन म्हशीपुढे ठेवलं.

दुसऱ्या रविवारी मी भोपळे उभे कापले, कारण भोपळा उभाच कापतात. बिया चमच्याने खरवडून वहिनीने अर्धुकं कुकरमध्ये ठेवली. गर बाहेर आला तो तुकड्या-तुकड्यांचा. चुरा झालेल्या शेवयांसारखा. भावाचा मोबाइल वहिनीकडे होता. त्यात तो व्हिडिओ सापडला आणि आम्ही तो जेवण झाल्यावर पाहिला. त्यात भोपळा आडवा कापलेला होता. दोरे फळाच्या आत गोल फिरतात, उभा कापला की ते तुटतात. तो व्हिडिओ भावाने अनेकदा पाहिला असणार. घरात कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

तिसऱ्या रविवारपासून मी आडवे कापू लागलो. शेवया लांब निघाल्या. पुढचं सगळं वहिनीने करून पाहून ठरवलं. कुकरमध्ये शिट्टी जास्त झाली की गराचा लगदा होतो. उघड्या पातेल्यात वाफवलेलं बरं. शिजलेल्या शेवया चाळणीत निथळू द्याव्या लागतात, नाहीतर ताटात पाणी सुटतं. मीठ अगदी शेवटी घालायचं, नाहीतर पुन्हा पाणी. चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवून भाजलेलं अर्धुक सगळ्यात कोरडं निघतं आणि थोडं गोड लागतं, पण त्याला वेळ लागतो.

वाढण्याचे प्रकारही बरेच झाले. पहिल्यांदा तिने गरम दुधात गूळ घालून दिलं. आईने वाटीकडे पाहिलं आणि यंदा आपल्या घरात शेवया नाहीत, एवढं म्हणाली. घरात माणूस गेलं की त्या वर्षी शेवया, कुरड्या, पापड घालत नाहीत. वहिनी म्हणाली की हा भोपळा आहे. आई म्हणाली की दिसतात तर शेवयाच. वाटी पुतणीने संपवली. मग वहिनीने उपम्यासारखी फोडणी दिली, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून दाण्याचा कूट. हे आईने खाल्लं. दह्यात कालवून केलेली कोशिंबीर तिला आवडली नाही. पुतणीने एकदा नूडल्सच्या पुडीतला मसाला टाकला आणि कोणालाही चव दिली नाही. सगळ्यात जमलं ते साधंच होतं. निथळलेल्या शेवया तव्यावर तेलात परतायच्या, पाणी आटू द्यायचं, लसणाचा ठेचा घालायचा आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर खायचं. त्या दिवशी आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चव कशी आहे, हे ती बोलली नाही. मलाही चव सांगता येणार नाही. त्या महिन्यांत मी जे खाल्लं त्यातल्या कशाचीच सांगता येणार नाही.

यातून वहिनीला सुचलं की हा माल दाखवून विकला जाणार नाही, खाऊ घालून विकला जाईल. डोणगावच्या आठवडी बाजारात बसायचं, कापलेलं फळ समोर ठेवायचं, काट्याने शेवया काढून चव द्यायची. बाजार भरतो आठवड्याच्या मधल्या वारी. मी रविवारी कापून दिलेली अर्धुकं तिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि ती घेऊन बाजारात बसली. फडकं सोडलं तेव्हा गर बुळबुळीत झाला होता, वास येत होता. लोकांनी वाकून पाहिलं आणि पुढे गेले. अख्खे भोपळेही कोणी उचलले नाहीत. ती अर्ध्या बाजारातून उठून आली. त्या संध्याकाळी चुलतभाऊ घरी येऊन गेला. तो वाईट बोलला नाही. पाडवा जवळ आला, एवढीच आठवण त्याने आईला दिली.

पुढच्या रविवारी वहिनीने दुसरा मार्ग काढला. भोपळा न कापता अख्खाच उकडायचा. तसाच पातेल्यात ठेवला तर फुटतो, म्हणून पोती शिवायच्या दाभणाने त्याला जागोजागी भोकं पाडली. दाभण टोचणं हे कापण्यात धरायचं का, असं तिने आईला विचारलं. आई विचार करून म्हणाली, नाही. मग उकडलेला भोपळा बाईने कापला तर चालेल का, हा पुढचा प्रश्न होता. यावर आईने बराच वेळ घेतला. शेवटी म्हणाली, कच्चा असो की शिजलेला, अख्खा तो अख्खाच. वहिनीने मला विचारलं की बाजाराच्या दिवशी रजा मिळेल का. मी ऑफिसात विचारलं. रजा मिळाली नाही. तसं मी फोनवर कळवलं, ती बरं म्हणाली.

पाडव्याआधीच्या बाजारात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. चुलतभावाने सांगितलं आणि वहिनीने थोडक्यात सांगितलं, दोन्हींचा मेळ बसतो. वहिनीने सकाळी घरी भोपळे उकडले आणि पोत्यात गुंडाळून गरम गरम बाजारात नेले. ठेच्याची वाटी आणि परतायला तवा, शेगडी सोबत होती. एका गिऱ्हाइकाने आत काय आहे ते दाखवायला सांगितलं. शेजारी भजी तळणारा होता. त्याला बोलावून चीर द्यायला सांगता आलं असतं. तिने त्याच्याकडून फक्त सुरी मागून घेतली. भोपळा आडवा धरला आणि स्वतः कापला. भोवतीच्या दोन-तीन बायका उठून दूर झाल्या. एक म्हातारी तिथेच उभी राहिली आणि पुढे काय होतं ते पाहत राहिली. वहिनीने काट्याने शेवया ओढल्या, तव्यावर परतल्या, कागदावर घालून हातोहात दिल्या. लोक खाऊ लागले. दूर झालेल्या बायकांपैकी एक परत आली. मग तिने दुसरा कापला, तिसरा कापला. दुपारपर्यंत नेलेला सगळा माल गेला.

घरी येऊन तिने आईला विक्री सांगितली. कापल्याचं सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा ओट्यावर काही मांडलेलं नव्हतं. मी हातपाय धुऊन बसलो. चुलतभाऊ जेवणानंतर आला. वहिनी चुलीपाशी भांडी आवरत होती. चहा झाला. त्याने आईला बाजारातली हकीकत सांगितली, भजीवाल्याच्या सुरीपासून म्हातारीपर्यंत. आवाज चढवला नाही.

“काकू, सगळ्या गावानं पाह्यलं. घरात माणूस नाही असं थोडीच हाय. मले एक हाक मारली असती तं मी आलो असतो.”

वहिनीच्या हातातलं भांडं थांबलं. आई बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. तिने कप खाली ठेवला.

“मीच सांगतलं तिले कापाले.”

चुलतभाऊ आईकडे पाहत राहिला. वहिनीने मान वर केली. आईने तिला तसं काही सांगितलेलं नव्हतं. हे खोलीतल्या दोघींना माहीत होतं आणि वहिनीच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं.

“तुमी सांगतलं?”

“हाव. मंग रोज रोज कोनाले बलावत बसा?”

मग त्याने वावराचं विचारलं. आईने तेही त्याच आवाजात सांगितलं.

“वावर यंदा घरीच राहू दे. थे करीन.”

थे करीन म्हणजे वहिनी करेल. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. चुलतभावाने नांगरटीला ट्रॅक्टर लागला तर सांगा, असं म्हटलं. आई हो म्हणाली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या बायकोने बाजारातल्या चवीचं ऐकलं होतं, तिला एक भोपळा हवा होता. वहिनीने मधल्या खोलीतून एक आणून दिला. कसा करायचा, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं: दाभणाने टोचून उकडायचा, सुरी सहज आत गेली की काढायचा, आडवा कापायचा, बिया काढायच्या, शेवया निथळू द्यायच्या, तेलावर परतायच्या, मीठ शेवटी. त्याने मीठ कधी ते पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. तो भोपळा काखेत धरून गेला.

आईने मला बस किती वाजता आहे ते विचारलं. मी सांगितलं. वहिनी परत भांड्यांपाशी बसली. पुढच्या रविवारी मी आलो नाही तरी चालेल, असं कोणी म्हणालं नाही, आणि यावं असंही कोणी म्हणालं नाही. मी पिशवी उचलली आणि फाट्याकडे निघालो.