देस्ताची एकच अट

देस्ता गेली हे तिच्या धाकट्या बहिणीनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी खानावळीत सकाळचा मसाला परतत होते. बहिणीचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं, त्यामुळं गोड बोलून सांगायला दोघींकडंही शब्द नव्हते. ऑपरेशनसाठी देस्ता तिकडं आपल्या देशी गेली होती. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, परत बिघडलं, पहाटे गेली... एवढंच. मी गॅस बंद केला आणि खालीच बसले. डोळ्यांत पाणी येतंय तोवर ती पुढं म्हणाली, "शर्वरीला सांगू नका. उद्या तिची रेस आहे. आमच्याकडं असंच करतात." अगं बाई, आमच्याकडंही असंच करतात. पण देस्ताची बहीण असून हे तू म्हणावंस? मला ते इंग्रजीत म्हणता आलं नाही.

देस्ता इथिओपियाची. तरुणपणी ती ट्रॅकवर दहा हजार मीटर पळायची, पंचवीस फेऱ्या. आमच्या शिवाजी पेठेत जसा घराआड एक फुटबॉल खेळणारा, तसा तिच्याकडं घराआड एक पळणारा. त्यामुळं बाहेर जाऊन जिंकण्यापेक्षा देशाच्या संघात शिरणंच अवघड, असं ती सांगायची. डोंगरातल्या खेड्यातून ती राजधानीतल्या क्लबात आली, निलगिरीच्या रानातनं पोरींच्या रांगेत पळत पळत वर चढली. कोल्हापूरला आली ती कोच म्हणून. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखानदारांनी मुलींसाठी पळण्याची अकॅडमी काढली होती, आमची लेक शर्वरी तिथंच जायची. राहायला देस्ता आमच्या खानावळीच्या वरच्या खोलीत. पहिल्याच आठवड्यात माझी आंबोळी खाऊन म्हणाली, ही तर आमचीच आंबवलेली भाकरी, फक्त वाढ खुंटलेली. मला अक्का म्हणायला लागली. मराठीही शिकली ती खानावळीतलीच. "काय पावणं, रस्सा वाढू का?" असं तिनं विचारलं की नवखी माणसं घास हातात धरून तिच्याकडं बघत बसायची.

पोरींना ती पन्हाळ्याच्या चढावर पळवायची, दयामाया नाही. पण पालकांच्या पहिल्या मीटिंगमध्ये तिनं ना आहाराबद्दल काही सांगितलं ना बुटांबद्दल. एकच अट घातली. घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर मुलीला त्याच दिवशी सांगायचं. परीक्षा असो, रेस असो. पालक एकमेकांकडं बघायला लागले. आपल्याकडं मेलेलं माणूससुद्धा फोनवर दोन-चार तास सीरियस असतं. "जरा सीरियस हाय, ये लगेच," असं म्हणून आपण माणसाला गावापर्यंत आणतो आणि दारातली गर्दी बघूनच त्याला काय ते कळतं. मीही त्या दिवशी घरी येऊन मालकांना म्हटलं, ही बाई चांगली आहे, पण काळीज दगडाचं दिसतंय.

मग एका दुपारी भांडी आवरता आवरता तिनं मला सांगितलं. तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक मोठं पदक, कांस्य, तिनं परदेशात मिळवलं. त्या रेसच्या आधी थोडेच दिवस तिचे वडील गेले होते. घरच्यांना माहीत, संघाच्या मॅनेजरला माहीत, सोबत पळणाऱ्या पोरींनाही माहीत. हिला तेवढं नाही. पदक गळ्यात घालून हिनं घरी फोन केला, वडिलांना द्या म्हणाली, तर झोपलेत म्हणाले. राजधानीत विमानतळावर हार घातले, मुक्कामाला मामाकडं नेलं, आणि तांबडं फुटताना दार वाजलं. उघडलं तर अंगणात पांढऱ्या शाली पांघरलेली सगळी भावकी उभी. त्यांच्याकडं मरणाची बातमी अशीच देतात, पहाटे, सगळ्यांनी मिळून, म्हणजे ऐकणाऱ्याला सावरायला माणसं असतात. रीत चांगली आहे, हे ती स्वतःच म्हणायची. "पण अक्का, वडलांची माती होऊन गेलती. आणि मी तवा हसत हात हलवालते."

त्यानंतर तिच्या पायांना काही झालं नाही, तरी पळणं बिघडलं. प्रत्येक रेसआधी ती घरी फोन करायची. आई बरी आहे म्हटलं की आणखीच घाबरायची, कारण आई बरी नसती तरी हेच सांगितलं असतं. मग शेजाऱ्यांना फोन, मग मावशीला. आईलाच फोनवर बोलायला लावलं, तर तिचा आवाज बारीक का येतोय, भावाचं काही झालं का, म्हणून नवीन काळजी. पिस्तूल वाजायच्या वेळी हिच्या डोक्यात घरातलं एकेक माणूस मोजणं चाललेलं. पुढं पुढं ती शेवटची यायला लागली आणि एक दिवस ट्रॅकच सोडला तिनं. हे सगळं ऐकून मला मी आधी तिच्याबद्दल काय म्हटलं होतं ते आठवलं आणि फार वाईट वाटलं.

तर त्या सकाळी ही बातमी माझ्या हातात, आणि शर्वरी बंगळूरला. दुसऱ्या दिवशीच्या रेसमध्ये पहिल्या दोघींत आली तर राष्ट्रीय शिबिरात निवड, नाहीतर वर्ष गेलं. मालक म्हणाले, "उद्या रेस झाली की सांग. एका दिवसानं काय बिघडतंय?" कारखानदारांचा फोन आला, "वहिनी, पोरीचं करिअर हाय. गप बसा." दोघंही चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. शर्वरीचा फोन वाजला, मी घेतला नाही. परत वाजला. घेतला नसता तर तिनं आणखी कुणाला तरी केला असता.

"आई, देस्ताताईचा फोन लागंना. ऑपरेशन झालं न्हवं?"

'झालं, बरी हाय,' हे शब्द तोंडात तयार होते. निम्मं तर खरंच होतं. समोर मालक हातानं नको नको करत होते. पण मला वाटलं, हे मी आज बोलले तर पोरगी उद्या जिंकून येईलही, पण यापुढं माझं कुठलंच 'बरं हाय' ऐकून ती झोपणार नाही.

"शरू, बस कुठंतरी," मी म्हणाले. "देस्ता गेली बाळा. आज पहाटे."

ती रडायला लागली. मी फोन ठेवला नाही, मीही रडले. गिऱ्हाईकं दारातनं परत गेली. ती गेलेली मला कळलीसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती पळाली. निम्म्या रेसपर्यंत पुढच्या घोळक्यात होती, नंतर मागं पडली ती पडलीच. शिबिर गेलं. मालक कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. पेठेत बायका तोंडावर म्हणाल्या, आई आहेस का कोण आहेस. शर्वरीही गप्प गप्प असायची, आणि मला तिला विचारायची हिंमत होत नव्हती. खरं सांगते, देस्तासाठी रडायचं सोडून मी हाच एक विचार करत बसायचे, की चुकलं तर नाही ना माझं...

गेल्या आठवड्यात शर्वरी पुण्याला रेससाठी गेली. आदल्या संध्याकाळी मी देस्ताच्या खोलीत तिचं सामान बहिणीकडं पाठवायला बांधत होते, तेवढ्यात फोन आला. "आई, घरात सगळी बरी हाईत न्हवं?"

"बरी हाईत. आबांच्या छातीत दुखालतं म्हणून सकाळी दवाखान्यात नेलतं. ईसीजी काढला, काय न्हाय, गॅस झालता."

"बरं. मग मी झोपते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तशीच बसले. ती आता माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांनाच फोन करेल, मग शेजारच्या काकूंना करेल, खात्री करून घेईल, असं मला वाटत होतं. थोड्या वेळानं मी खाली येऊन आबांना आणि काकूंना, दोघांनाही विचारलं. तिनं कुणालाच फोन केला नव्हता.