साहेब, मडम आणि दुपारचा फ्रीज

माझ्या अंगात एका मेलेल्या इंग्रज साहेबाचं भूत शिरलं आहे, असं आमच्या वाडीचं तीन आठवडे ठाम मत होतं. त्या तीन आठवड्यांत मी पूर्ण शुद्धीवर होतो, तब्येत ठणठणीत होती आणि खरं काय ते एका वाक्यात सांगू शकत होतो. वाडीला सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलतो, आणि जिथे बोलायलाच हवं तिथे तर अजिबात बोलत नाही.

पाप जुनं आहे. लग्न जमवताना मामाने माझ्या माहितीच्या कागदावर ‘इंग्रजी उत्तम’ असं ठोकून दिलं. (उंचीतही दोन इंच घातले होते, पण ते मुलगी बघायला गेलो तेव्हाच पकडले गेले.) इंग्रजी कुणी मोजून बघितलं नाही. तेव्हापासून पंचवीस वर्षं वाडीतला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. मी चष्मा लावतो, कपाळाला आठ्या घालतो, दोनदा ‘हं’ करतो आणि म्हणतो, “घाबरण्यासारखं काही नाही. पण एकदा रत्नागिरीला जाऊन चौकशी करून या.” हा सल्ला आजवर चुकलेला नाही, कारण रत्नागिरीत वाचता येणारी माणसं असतात.

यंदा मात्र लेकीने घात केला. ती पुण्याला नोकरी करते. तिने आमच्या आंब्याच्या बागेचे फोटो नेटवर टाकले, मागच्या पडवीच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या आणि मे महिन्यात एक परदेशी जोडपं चार दिवस राहायला येणार असल्याचं फोनवर कळवलं. “बाबा, बोलायचं तुम्हीच. आपल्या घरात इंग्रजी तुमचंच चांगलं आहे.” मी “हो हो” म्हटलं, फोन ठेवला आणि त्याच फोनवर इंग्रजी शिकवणारं ॲप उतरवून घेतलं. वय वर्षं त्रेपन्न.

घरात शिकणं शक्य नव्हतं, म्हणून बाग गाठली. आमची कलमं वर कातळावर आहेत आणि कुंपणाला लागून एका साहेबाच्या बंगलीचे चार पडके चिरे उरलेत. तो साहेब म्हणे तापाने तिथेच गेला. मी शब्दांची वही खताच्या रिकाम्या गोणीत लपवली. रोज दहा शब्द, पाच वाक्यं. ॲपमधली बाई प्रश्न विचारायची, मी कलमाच्या बुंध्याकडे तोंड करून मोठ्याने उत्तर द्यायचो. बाई तोंडाने गोड, पण हट्टाला पक्की. “ट्राय अगेन,” म्हणायची. मी “सॉरी” म्हणायचो. ती पुन्हा “ट्राय अगेन.” हे तासभर चालायचं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला यात वावगं काही वाटलं नाही.

कुंपणापलीकडे आमचा शेजारी गणू काजू वेचत होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने संध्याकाळी पारावर बातमी फोडली. “मी माझ्या कानांनी आयकलंय. साहेब आनी त्याची मडम. ती सारखी वराडताय, ट्राय अगेन, ट्राय अगेन. आनी ह्यो आपला सॉरी सॉरी. मेल्यावर पन बायको सोडत नाय बघा.”

माझी बायको सुलभा हसून सोडून देईल असं वाटलं होतं. पण त्याच आठवड्यात मी झोपेत “व्हेअर इज माय लगेज” असं दोनदा विचारलं म्हणे. बागेतला साहेब माझ्याच अंगात शिरला, असं घरात ठरलं; तिने सकाळी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली आणि माझ्या आईने गुरवाला निरोप धाडला.

देवळात कौल लावला. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली की होय. गुरवाने विचारलं, “ह्या लेकराच्या अंगात काय परमुलखातला शिरलाय काय?” उजवी कळी टपकन पडली. देवीला मी दोष देत नाही. परमुलखातलं काहीतरी माझ्यात शिरायला बघत होतं एवढं खरंच होतं. शिरत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गुरवाने पुढच्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार देवीला गाऱ्हाणं घालायला धरला. साहेबाला बारा वेशींपलीकडे घालवायचं ठरलं. एवढ्यात गणू पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, “घालवायचाच हाय तर माझ्या भाच्याकडे धाडा की. बोटीवरच्या नोकरीचा विंटरव्यू हाय त्याचा. पंधरा दिवस राहिला तरी बास.” गुरवाने यावर विचार करून सांगतो म्हटलं.

इथवर मी निभावून नेलं असतं. पण आईने देवळातच पदर पसरलान, आणि सगळ्यांसमोर बोलून बसली: पोराच्या अंगातला साहेब जाईपर्यंत मी मासळीला शिवणार नाही.

माझी आई काय आहे ते सांगायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर. श्रावण पाळते, पण शेवटचे आठ दिवस बोटांवर मोजते. डॉक्टरने औषधाचं नाव सांगितलं की हे माशांबरोबर चालेल का, एवढंच विचारते. ती बाई आता दोन्ही वेळ पेज आणि लोणच्याची फोड घेऊन बसू लागली. दारावर मासेवाली आली की आई उठून मागच्या दारी जायची आणि तिथून विचारायची, “ताजे हायत काय गो? नाय, नुसता इचारतंय.” आठ दिवसांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मी बागेत जाऊन भूतकाळ पाठ करत होतो.

नवव्या दिवशी सुलभाने बांगडे तळले. आईने आपलं पेजेचं ताट माझ्याशेजारी ओढून घेतलं, माझ्या पानातल्या बांगड्याकडे बघितलं आणि म्हणाली, “खा रे बाळू. तू खाल्लंस की माझी जीभ भरली.”

मी घास पानात परत ठेवला. मी म्हटलं, “आई, भूतबीत काही नाही. मी इंग्रजी शिकतोय.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सुलभा हलक्या आवाजात म्हणाली, “आई, बघा, साहेब हुशार आहे. यांना इंग्रजी येतंच हे त्याला माहीत नाही.”

आता आली पंचाईत. मला येत नाही हे सिद्ध केल्याशिवाय मी शिकतोय हे कुणी मानणार नव्हतं. मी मामापासून सुरुवात केली. कागद, चष्मा, आठ्या, ‘हं’, सगळं ओकलो. तरी सुलभाच्या चेहऱ्यावर साहेबच होता. शेवटी मी डोळे मिटले आणि अकरा वर्षं पोटात ठेवलेलं बोललो.

“आपला फ्रीज आला तेव्हा तू त्याची पुस्तिका माझ्या हातात दिलीस. मी पाव तास पानं उलटली. काहीतरी सांगायला हवंच होतं. दुपारी बारा ते एक फ्रीजला विश्रांती द्यायची, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.”

घड्याळात सव्वाबारा वाजले होते. फ्रीज विश्रांती घेत होता.

अकरा वर्षं सुलभा रोज बाराला बटण बंद करत आली होती. माहेरी जाताना आईला बजावून जायची. एवढंच नाही, तिने ही माहिती वाडीतही वाटली होती. गणूच्या घरचा धरून एकूण चार फ्रीज बारा ते एक झोपतात. ती उठली, बटण दाबलं आणि फ्रीजच्या घरघरीत म्हणाली, “आता तुम्हीच बोलताय याची खात्री पटली.”

आईने तेवढ्यात माझ्या पानातला बांगडा उचललान. काटा अंगठ्याने सफाईने सोडवत म्हणाली, “भूत नाय ना नक्की? मग आणखी एक वाढ गो.”

मंगळवारी गाऱ्हाणं झालंच. देवीला तीन आठवडे फसवल्याची माफी आईने त्यातच मागून घेतली. वाडीसाठी साहेब गेला. गणू अजून नाराज आहे.

मे महिन्यात परदेशी पाहुणे उतरले. नऊशे शब्द पाठ करून मी घरापुढच्या खळ्यात उभा होतो. त्या बाईने हसून काहीतरी विचारलं. माझ्या तोंडून एकच शब्द आला: “सॉरी.” तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा “सॉरी.”

मागून सुलभाचा आवाज आला, “आई, गुरवाला विचारा हो, त्या साहेबाला चार दिवसांपुरतं परत बोलावता येईल का?”