आधी अक्षर, शब्द नंतर

पहिल्याच भेटीत मी त्यांना कानडी ठरवलं. लंडनातल्या ईलिंगला आम्ही घर घेतलं त्या आठवड्यातली गोष्ट. शेजारचे म्हातारे गृहस्थ आपल्या काचघराच्या दमट काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होते. सगळी गोल गोल वेटोळी. मला बेळगावच्या दुकानांवरच्या पाट्या आठवल्या आणि कुंपणावरून मी मोठ्या उमाळ्याने विचारलं, "तुम्ही धारवाडला होता का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांच्या आईला मी भलतीच कुणी बाई समजलो होतो.

"जॉर्जियन," ते म्हणाले. मग पहिलं अक्षर पुन्हा काढलं. "म्हणा, अन."

असा मी त्यांचा विद्यार्थी झालो. रविवारी एक अक्षर, काचेवर. म्हाताऱ्या मास्तरांच्या तावडीत तुम्हीही कधी सापडला असाल, सुटका नसते. चौथ्या अक्षराचं नाव 'दोन', याची मला गंमत वाटे, त्यांना कधीच वाटली नाही. काही अक्षरं घसा आवळून सोडायची. माझा सराव ऐकून ठसका लागला असं समजून बायको पाणी घेऊन धावत येई.

"एखादा शब्द तरी सांगा," मी म्हणे.

"आधी अक्षर. शब्द नंतर."

शब्दापर्यंत आम्ही पोचलोच नाही, कारण मध्ये इतिहास आला. त्यांच्या लिपीची तीन रूपं. सर्वांत जुनं चर्चच्या दगडांवरचं, दुसरं पाद्र्यांच्या पोथ्यांतलं, तिसरं तुमच्याआमच्यासारख्यांचं. त्यांच्या शेजारच्या देशातले आर्मेनियन म्हणतात, ही अक्षरं आमच्याच एका साधूने घडवली. एवढं नुसतं निघालं, की ते हातातली झारी आपटत. "साफ खोटं!" मी त्यांना आमची मोडी सांगितली, आजोबा मोडी लिहायचे आणि मला वाचता येत नाही, हेही सांगितलं. तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, जणू आमच्या घरात कुणी गेलं होतं.

हे सगळं ज्ञान मी मराठी मंडळींच्या गणपतीत तासभर ऐकवलं. लोक शांतपणे बसले होते. प्रसाद माझ्यानंतर होता.

बायकोचा आणि त्यांचा व्यवहार वेगळा. तेव्हा लंडनात कोथिंबीर मिळायची मारामार, आणि त्यांच्या काचघरात ती माजलेली. ते कुंपणावरून जुडी पुढे करत. "मॅडम, किंदझी."

"किंदझी. थँक्यू हं," ती म्हणे. तिची जॉर्जियन तेवढीच.

मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. इंग्रजी पार पुसली गेली, उरली फक्त जॉर्जियन. त्यांच्या भाषेचा लंडनात त्यांना एकच माणूस माहीत होता, तोही वारलेला. हॉस्पिटलने रशियन बोलणारा डॉक्टर आणला, तर देश गिळणाऱ्यांची ती भाषा ऐकून यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी सिस्टरने मला बोलावलं. मला त्यांची भाषा येते असं गावभर सांगत मीच तर फिरत होतो.

बायको आणि मी, आम्ही दोघं गेलो. त्यांनी माझी बाही धरली आणि एक लांब वाक्य म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, काचेवर लिहावं तसं.

"सकाळपासून हेच चाललंय," सिस्टर म्हणाली. "काय हवंय त्यांना?"

अक्षरं सगळी ओळखीची होती. ते वाट बघत होते, सिस्टर वाट बघत होती. अखेर मला येत होतं ते मी म्हणायला लागलो. "अन, बन, गन, दोन..."

ते माझ्याकडे बघत राहिले. पुढे घशातलं एक अक्षर माझं चुकलं. त्यांनी ते दुरुस्त केलं, बाही सोडली आणि डोळे मिटले.

ते गेल्याचा फोन आला त्या दिवशी मी ते वाक्य लिहून काढायला बसलो. पुढेमागे कुणी जाणकार भेटला तर विचारू म्हणून. तेहेतीस अक्षरं हाताशी होती. वाक्य गेलं होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अहो, त्यात किंदझी नव्हतं," ती म्हणाली. "मी नीट कान देऊन ऐकत होते."