ओलं अंगण

बल्लारपूरला स्टेशनकडे जाताना मी रोज रुळांलगतच्या जुन्या वस्तीतून जाते. तिथली एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची झाली, पण तिचं नाव काही मी कधी विचारलं नाही. पदर कमरेला खोचलेला, आवाज खणखणीत. दारावरून जाणाऱ्याची विचारपूस केल्याशिवाय ती सोडत नसे.

रेल्वेच्या जागेवरची म्हणून वस्तीची केस कोर्टात असतानाच एका सकाळी घरं पाडायला जेसीबी आला. बायका रस्त्यात बसल्या, माणसं ओरडू लागली. ही मात्र शेणाने अंगण सारवत होती. रेल्वेचे साहेब पोलिसांना घेऊन तिच्या दारापर्यंत आले, तशी मान वर न करता ती म्हणाली, "साहेब, जोडे काढा. आत्ताच सारवलं."

आणि साहेबांनी खरंच जोडे काढले! सगळा गलका थांबला. तिने त्यांना आत खुर्ची दिली, पाणी दिलं.

"माह्या पोरी इथीच जन्मल्या. आमी कुठी जाऊन राह्यचं ते सांगा, मंग पाडा."

साहेबांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग "कोर्टाचा निकाल येऊ द्या" म्हणत त्यांनी मशीन परत पाठवलं. निकाल अजून यायचाय. वस्ती उभी आहे.

त्या दिवशी साहेबांची जीप दिसेनाशी झाल्यावर ती मटकन उंबऱ्यात बसली.

"किती धीराच्या आहात हो!" मी म्हटलं.

"कायचा धीर, बाई? लय भेव लागून राह्यलं होतं. पण घरात बसून पानी पेलेला माणूस लगेच ते घर कसा पाडन?"