कुरणाबाहेर बसलेल्या गाई

२० जानेवारी. त्या दिवशी सकाळी मी कुरणाच्या कुपाटीला बोराट्या लावत होते. काट्याचं कुंपण एकदा घालून भागत नाही. काटे वाळले की वारा ते सरकवतो, शेळ्या त्यात तोंड घालतात. हाताला जाड फडकं गुंडाळायचं, बोरीची फांदी बुडख्याकडून धरायची, शेंडा आत सारायचा आणि बुडख्यावर दगड ठेवायचा. मी वरच्या टोकाला होते. गाई खाली उताराला चरत असतील असं धरून चालले होते. तेवढ्यात खालच्या रानातून आरडाओरडा ऐकू आला. आधी वाटलं, डुकरं शिरली. मग वाकून पाहिलं. आमच्या बांधशेजाऱ्यांच्या हरभऱ्यात लाल गाई पसरल्या होत्या. हरभरा घाट्यांवर आलेला होता.

लाल गाई गावात एकाच माणसाच्या. बाकी सगळ्यांकडे म्हशी, नाहीतर दारात बांधलेली एखादी संकरित गाय. हा माणूस माळावर राहायचा, बापाच्या आधीपासून त्यांच्या घरात गाई राखायचंच काम. मला तो आक्का म्हणायचा.

आमचं गाव पालमच्या बाजूला. खाली काळी जमीन, वर माळ. पावसाळ्यात माळावर गवत असतं तोवर गाईवाल्याचं आणि शेतकऱ्यांचं चांगलं जमतं. थंडीत माळ उघडा पडतो आणि खाली हरभरा, ज्वारी हिरवीगार असते. गाय काही बांध बघून थांबत नाही. मग दर वर्षी शिव्या, कोंडवाडा, दंड. एका वर्षी गाई कोंडवाड्यापर्यंत गेल्याच नाहीत, आधी काठ्या चालल्या. बांधशेजाऱ्यांच्या डोक्याला टाके पडले आणि गाईवाल्याचा हात गळ्यात आला. दोघंही एकाच एसटीनं पालमच्या दवाखान्यात गेले. दुसरी गाडी नव्हती.

बंद कुरणाची कल्पना माझी नव्हती. पालमला शेतीच्या एका मेळाव्यात ऐकली होती. बरोबरच्या बायका जेवणाच्या रांगेत गेल्या आणि मी बोलणाऱ्या माणसाला गाठून विचारत बसले. गोष्ट साधी होती. अर्धा माळ कुपाटी घालून बंद करायचा. पावसाळाभर त्यात जनावर सोडायचं नाही, गवत वाढू द्यायचं, गाईंनी उरलेल्या अर्ध्या माळावर चरायचं. पाऊस संपला की गाई कुरणात घालायच्या आणि रात्रंदिवस तिथंच ठेवायच्या. खालचं पीक निघून रान मोकळं होईपर्यंत त्यांनी बाहेर पाय टाकायचा नाही. शेतकऱ्यांनी सोयाबीनचं भुसकट बांधावर जाळण्याऐवजी कुरणात आणून टाकायचं.

गावाला हे पटवायला मला एक पावसाळा लागला. शेवटी महादेवाच्या देवळात बैठक बसली. गाईवाल्यानं पिंडीवरचा बेल उचलून शब्द दिला. शेतकऱ्यांना बेल उचलायला कोणी सांगितलं नाही. गावानं अट घातली, एकदा जरी गाई बाहेर आल्या तरी त्यानं गाव सोडायचं. जिम्मा कुणाचा, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझा.

एक गोष्ट मात्र मी नीट विचारात घेतली नव्हती. आमच्याकडे पूर्वीपासून गाई बसवायची रीत आहे. ज्याला खत हवं तो गाईवाल्याला सांगायचा. गाई रात्रभर त्याच्या रिकाम्या रानात बसायच्या, सकाळी शेणमूत जागच्या जागी. त्याबद्दल गाईवाल्याच्या घरी ज्वारी जायची आणि त्या दिवशीचं त्याचं जेवण त्या शेतकऱ्याकडे असायचं. कुरण झालं आणि ही रीत बंद पडली. शेण कुरणातच राहू द्यायचं म्हणजे गवत टिकेल, हे मी ठरवलं. कोणी हरकत घेतली नाही.

दोन थंड्या पार पडल्या. हरभऱ्याला तोंड लागलं नाही. आमचे मालक सुरुवातीला या सगळ्याला माझा उद्योग म्हणून हसायचे. या थंडीत मात्र रोज रात्री जेवून, घोंगडी घेऊन आमच्या हरभऱ्याच्या राखणीला झोपायला जाताना ते कुरणाकडे चक्कर मारायला लागले. जाताना चुलीजवळची भाकरी खिशात घालायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मोरकी गाय लय मायाळू हाय. हातचं खाती." कळपाच्या पुढं चालते ती मोरकी गाय. ती जिकडे जाईल तिकडे बाकीच्या जातात. मला बरं वाटलं होतं. घरातलं माणूस आपल्या कामाला हात लावतंय, बाईला आणखी काय पाहिजे असतं.

हरभऱ्यातून गाई हाकलल्या आणि सगळे देवळात जमले. बांधशेजारी माझ्याकडे वळले.

"वैनी, तुमच्याकडं बगून दोन सालं गप बसलो. आता काय सांगता?"

गाईवाला उभाच होता. "आक्का, कुपाटी म्या उघडली न्हाई. मी सकाळी धारा काडायला आलो तवा खालच्या अंगाला खिंडार पडल्यालं."

"मग गाईनं उघडली व्हय?" मागून कोणी तरी म्हणालं. "काटे उपसून, दगड बाजूला ठिऊन?"

लोक हसले.

"त्येच तर म्हनायलोय," तो म्हणाला. "दगड बाजूला रचून ठिवल्यात. गाय दगड रचती का?"

"तू रचले असशील. वैरन संपली आसंल, हरभरा दिसला आसंल."

तेव्हा आमचे मालक बोलले. गावात ते फारसे बोलत नाहीत, म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले. "ठरलंय तसं व्हऊ द्या. मोडलं की मोडलं. उद्या सकाळी त्यानं गाई घिऊन निगावं. आन हिनं जिम्मा घेतलाय, हिची काय हरकत आसंल तर हिलाच इचारा."

मी म्हटलं, "आधी मी खिंडार बघते, मग बोलते."

"आता गाईचे ठसे घेता का वैनी?" पुन्हा हसू. मी हसले नाही आणि थांबलेही नाही.

खिंडारापासून गाईंच्या खुरांचे ठसे सरळ हरभऱ्याकडे गेलेले नव्हते. ते नाल्याच्या काठानं वळून आमच्या पलीकडच्या वावरात गेले होते. ते वावर सोयाबीन निघाल्यापासून रिकामं. मी दिवाळीनंतर तिकडे फिरकले नव्हते, काही कामच नव्हतं.

सगळ्या वावरात शेण होतं. कडेला वाळून पांढरं पडलेलं, मग अर्धवाळलं, मग ओलं. गाई बसवणारा जाणता माणूस रोज जागा बदलतो, म्हणजे सगळ्या रानाला सारखं खत मिळतं. इथंही तसंच केलेलं होतं. काम अगदी नीट झालं होतं, मलाही नावं ठेवता आली नसती. एक शेवटचा कोपरा तेवढा उरला होता, तो बांधशेजाऱ्यांच्या हरभऱ्याला लागून. तिथलं शेण कालचं होतं आणि बांधावर आमच्या घरातली घोंगडी पडली होती.

घोंगडी उचलून मी घरी आले. मालक जेवत होते. मी घोंगडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी खोटं सांगितलं नाही, तेवढं त्यांच्याबद्दल लिहून ठेवते.

"डोळा लागला," ते म्हणाले. "रोज पहाटं आत घालत व्हतो. काल डोळा लागला. वराडा ऐकून जाग आली, तसाच उठून पळालो."

"त्याला विचारायचं होतं."

"इचारलं असतं तर त्यानं तुला इचारलं असतं. तू न्हाई म्हनली असती. एकाला दिलं तर समदं गाव मागंल, म्हनली असती."

ते खरं होतं. त्यामुळे मला आणखी राग आला.

"आणि देवळात? हाकला म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मग काय म्हनू? जिम्मा घेनारीचा नवराच चोर निगाला म्हनू? तुजी लाज राखली. सा म्हैन्यात आपलं रान बग कसं येतंय. दुकानातलं खत लागायचं न्हाई."

माझी लाज राखायला त्यांनी दुसऱ्याचं घर उठवलं होतं, आणि भाकरी मात्र माझ्या चुलीवरची नेली होती. ताट उचललं, घासलं आणि माळावर गेले.

गाईवाल्याच्या घरी बांधाबांध चालली होती. त्याची बायको भांडी गोणीत भरत होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं, नेहमीसारखं. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, मालकांचं नाव घेऊन.

गाईवाल्यानं हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, "काय चारून नेल्ती मोरकीला?"

"भाकरी."

"तरीच. रोज सकाळी वैरनीला तोंड लावत नव्हती. मी म्हनलं दुखनं लागलं का काय." मग म्हणाला, "मालकच मला म्हनायचे, जा तू घरी, थंडी लय हाय, मी हाय की हितं. मी जायचो. आक्का, आजवर थंडीच्या दिसात कदी घरात निजलो नव्हतो. पोरं अंगावर घिऊन निजायची गोडी कळली व्हती जरा."

"उद्या सगळ्यांसमोर सांगते. तुमी थांबा. गाव थांबवून घेईल."

"सांगा तुमी. माजं नाव धुतलं जाईल. पर ऱ्हात न्हाई."

"कामून?"

"मालकांनी मागितलं असतं तर फुकट बसवल्या असत्या. ज्वारी न्हाई, जेवन न्हाई, कायबी न मागता. त्यांनी मागितलं न्हाई. उद्या दुसऱ्या कुनाला शेन लागंल, आन हरभऱ्यात गाय दिसली की पुना मीच."

त्याची बायको मागून म्हणाली, "आवो, आक्काला च्या तरी इचारा." चहा झाला. भांडी गोणीत गेली होती म्हणून तिनं तो लोट्यातून दिला. प्यायला मला जड गेला, पण न पिता उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

पालमच्या त्या मेळाव्यातल्या माणसाला मी खूप प्रश्न विचारले होते. कुपाटी किती उंच, गवत कोणतं, पाणी कुठं. कुपाटी आतून कोण उघडेल, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. गाईवाला शब्द मोडेल म्हणून आम्ही त्याच्याकडून बेल उचलून घेतला. मोडला आमच्यातल्याच एकानं, आणि तो रोज रात्री माझ्या घरी जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधशेजाऱ्यांच्या दारात गेले. ते ओट्यावर दात घासत होते. मी सांगायला लागले तशी आजूबाजूची माणसं जवळ आली. मी काही गाळलं नाही.

"म्हंजी शेन तुमाला आन चराई माज्या हरभऱ्याची?" बांधशेजारी म्हणाले. कोणाला हसावं की नाही ते कळेना. मग ते तोंडातली राख थुंकून म्हणाले, "काल आमी बिनाकामाचं त्याला बोललो."

एकजण मोटारसायकलवर गाईवाल्याला आणायला गेला. गाई तोवर नदीकडच्या रस्त्याला लागल्या होत्या. तो एकटाच परत आला. "न्हाई येत म्हनला. आक्काला राम राम सांगा म्हनला."

मी घरी येऊन पहार आणि खुंट घेतले आणि आमच्या हरभऱ्यात गेले. बांधशेजाऱ्यांचा जेवढा गेला होता तेवढा आमचा नाल्याकडून मोजला, कडेनं खुंट ठोकले आणि त्यांना हाक मारून सांगितलं, हा तुमचा, पिकला की तुम्ही काढा. मालक बांधावर येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "चांगला भरल्याला तुकडा दिलास." मी म्हटलं, "हो," आणि पुढचा खुंट ठोकला.